अर्धशिशीचा वारसा

घराण्याकडून आपणांस काय काय लाभले याचा हिशेब मनुष्य मोठ्या हौसेने मांडतो. शेत, घर, नाकाची ठेवण, गाता गळा, झालेच तर एखादे तांब्याचे घंगाळ! दुखण्यांस मात्र या यादीत तो सहसा जागा देत नाही. वस्तुतः कित्येक घरांतून अर्धशिशी ही शेतापेक्षाही अधिक खात्रीने पुढल्या पिढीच्या पदरी पडते. शेत निदान विकता तरी येते.

व्याधी जुनीच आहे. सुश्रुताने अकरा शिरोरोग सांगितले, त्यांत अर्धावभेदकाची गणना केली, आणि तो पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उद्भवतो असेही नमूद करून ठेवले. आधुनिक शास्त्राने तिच्या आनुवंशिकतेचा माग काढला आहे. अर्धे अंग काही काळ लुळे पाडणारा जो तिचा विरळा प्रकार आहे, त्यास कारण होणारे एक जनुक १९९६ साली सापडले. नेहमीच्या अर्धशिशीचे बीज मात्र एका ठिकाणी नाही; २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात तिच्याशी संबंध असलेली १२३ स्थाने दाखविली आहेत. म्हणजे एकाच घरातील दोघांच्या वाट्यास एकच व्याधी आली, तरी ती एकाच मापाने आली असेल असे मुळीच नाही.

येथेच मला एक नैतिक प्रश्न दिसतो. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण आपण निःशंकपणे वापरतो. परंतु ज्याचे स्वतःचे जळले आहे, त्यास दुसऱ्याच्या जळण्याचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार पोचतो काय?

इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८६५ साली आपल्या दृष्टीपुढे मधूनमधून उमटणाऱ्या नागमोडी, तटबंदीसारख्या आकृतीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८७० साली त्यांचा वैद्य झालेला पुत्र ह्यूबर्ट याने स्वतःस दिसणाऱ्या तशाच आकृत्या रेखाटून विद्वानांपुढे मांडल्या. पित्याचा त्रास बहुधा त्या आकृतीबरोबरच संपे; पुत्राच्या मागे मात्र तीव्र मस्तकशूळ लागे. आपल्यावरून मुलाची परीक्षा करणारा बाप असता, तर ‘मलाही दिसते, पण मी कोठे कण्हतो?’ असे म्हणून तो मोकळा झाला असता, आणि त्याचे म्हणणे अक्षरशः खरेही ठरले असते!

आमच्या घरी ही व्याधी आजोबांपासून चालत आली. वडिलांकडून ऐकले आहे की, आजोबांचे कपाळ चढले म्हणजे माजघराची दारे लावून घेत, मुलांची रवानगी शेजारी होई, आणि भांड्याला भांडे लागू नये म्हणून स्वयंपाकघरात सारे जीव मुठीत धरून वावरत. तेच दुखणे त्यांच्या मुलीस, म्हणजे माझ्या आत्यास होते. तिचे डोके दुखे तेव्हा ती कपाळाला फडके करकचून बांधी आणि चुलीपुढे बसे. बापाची अर्धशिशी ही घराची घटना होती; लेकीची घरातल्या कोणाला कळलीसुद्धा नाही. स्त्रियांमध्ये या व्याधीचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे किती चुलींपुढे किती फडकी बांधली गेली असतील याची कल्पना करावी.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. माझी मुलगी डोके दुखू लागताच खोली अंधारी करून पडते. ते पाहून आत्या म्हणते, “आम्हांलाही होतंच की गं हे. आम्ही कधी हूं की चूं केलं नाही.” तिच्या या बोलण्यात निव्वळ कठोरपणा आहे असे मला वाटत नाही. सोसणे हा गुण खराच. दुखण्याचे कौतुक केल्याने ते वाढते हेही काही अंशी खरे. परंतु सोसणे हा गुण ठरावयाचा तर न सोसण्याची वाट मोकळी हवी, आणि आत्याला ती कधीच नव्हती. मला तर वाटते, तिच्या बोलण्याचे मूळ याहून खोल आहे. या मुलीस पडून राहण्याचा हक्क आहे असे एकदा मान्य केले, की तो आपल्यालाही होता आणि कोणी दिला नाही, हेही मान्य करावे लागते. साठ वर्षांचे सोसणे पुण्य म्हणून जतन केलेले असताना ते अकारण सोसले असे ऐंशीव्या वर्षी कोणी कसे म्हणावे? म्हणून तिच्याशी वाद घालणे मला अप्रशस्त वाटते. पण तिचे माप मुलीला लावू देणे त्याहून अप्रशस्त वाटते. मीही या वारशाचा धनी आहे. त्यामुळे दुखणे खोटे नाही एवढी साक्ष मी देऊ शकतो. ते किती आहे हे तिनेच सांगावे.

यात व्यवहाराचाही भाग आहे. १९९० नंतरच्या दशकात जी खास औषधे प्रचारात आली, ती वेदना सौम्य असतानाच घेतली तर अधिक गुणकारी ठरतात. सोसून सोसून शेवटी घेणाऱ्यास त्यांचा लाभ कमी. उलट तीच औषधे महिन्यातून दहा-दहा दिवस घेत गेल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. म्हणून मुलगी एका वहीत दुखण्याचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या टिपून ठेवते. आत्याला ती वही अशुभ वाटते. मात्र परवा तिने मुलीस जवळ बोलावून, त्या वहीत पानपान कसले कसले लिहावे लागते, हे विचारून घेतले.