साथीच्या दिवसांत मेंढपाळानें कोठें असावें?

गांवांत रोगाची साथ शिरली असतां प्रभूच्या सेवकानें आजाऱ्याच्या दाराशीं जावें, कीं आपल्या घरीं राहून प्रार्थना करावी, हा प्रश्न शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांतील विश्वासणाऱ्यांस नवा नाहीं. तथापि सन २०२० च्या कोरोनाच्या साथीनें तो जितका तीक्ष्ण केला तितका पूर्वीं क्वचितच झाला असेल. त्या वर्षीं २५ मार्चपासून सर्व देश बंद झाला. १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार व १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा दिवस ह्या दोन्ही दिवशीं उपासनामंदिरांचीं दारें लागलेलीं होतीं. तेव्हां कित्येक उपदेशकांस वाटलें कीं आपण भ्यालों. कित्येकांस वाटलें कीं आपण शहाणपण केलें. आणि ह्या दोन पक्षांचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. पुढची साथ केव्हां येईल हें कोणास सांगतां येत नाहीं, म्हणून मन शांत आहे तोंवरच त्याचा विचार व्हावा, असें आम्हांस वाटतें.

जावेंच असें जे म्हणतात, ते गॉर्डन हॉल साहेबांचें नांव घेतात, व तें नांव घेण्याजोगेंच आहे. हॉल हे अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजचे विद्यार्थी. ह्याच कॉलेजच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं सन १८०६ मध्यें वादळी पावसांत गवताच्या गंजीचा आडोसा घेतला, आणि तेथेंच परदेशीं सुवार्ता नेण्याविषयीं प्रार्थना केली. त्या हालचालींतून सन १८१० मध्यें अमेरिकन बोर्ड निघालें. (मराठी मिशनाचें मूळ कोणा मोठ्या परिषदेंत नसून भिजलेल्या पोरांच्या घोळक्यांत आहे, हें आम्हांस नेहमींच गोड वाटतें.) हॉल फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस उतरले. त्यांनीं मराठी शिकून घेतली, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतरास हातभार लाविला. मार्च १८२६ मध्यें दोन ख्रिस्ती मुलांस बरोबर घेऊन ते घांट चढून नाशिकास गेले, तों तेथें पटकीचा कहर चाललेला. लोक त्यास जरीमरीचा कोप म्हणत. हॉल कांहीं दिवस तेथें राहिले, औषधें वाटलीं, उपदेश केला. आणि औषधें व पुस्तकें बहुतेक सरल्यावर परत निघाले. वाटेंत एका देवळाच्या आवारांत रात्र काढली, तेथेंही रोगी पडलेले होते. २० मार्चच्या पहाटे त्यांसच पटकीनें गांठलें, आणि कांहीं तासांतच ते प्रभूच्या ठायीं निजले. वय एकेचाळीस. बरोबरच्या दोघां मुलांनींच त्यांस मूठमाती दिली. त्यांच्या आधीं, सन १८२१ मध्यें, त्यांचे सोबती सॅम्युएल न्यूएल हेही मुंबईंत पटकीनेंच वारले होते.

आतां विचारावयाचें तें हें: हॉल साहेबांनीं जें केलें तेंच कोरोनाच्या दिवसांत एखाद्या उपदेशकानें केलें असतें, तर तें तेंच कृत्य झालें असतें काय? आमच्या मतें झालें नसतें. पटकी दूषित पाण्यानें व अन्नानें पसरते. हें लंडनमध्यें डॉक्टर स्नो ह्यांनीं सन १८५४ मध्यें दाखविलें, व तिचा जंतु कॉख ह्यांनीं सन १८८४ मध्यें कलकत्त्यास तपासून सिद्ध केला. पाणी उकळून घेणारा व हात धुणारा मनुष्य पटकीच्या रोग्याजवळ बसून उठला तर त्याच्यापासून दुसऱ्यांस फारसें भय नसतें. कोरोना मात्र श्वासानें जातो. आणि ज्याच्या अंगीं तो आहे त्यास कित्येकदां स्वतःलाच त्याची वार्ता नसते. असा मनुष्य सकाळीं एका पाड्यावर प्रार्थना करून संध्याकाळीं दुसऱ्या पाड्यावर गेला, तर सुवार्तेबरोबर तो मरणही घेऊन जाईल, आणि मरेल ती बहुधा एखादी म्हातारी, तो स्वतः नव्हे. हॉल साहेबांनीं जो प्राण पणाला लाविला तो त्यांचा स्वतःचा होता. शेजाऱ्याचा प्राण पणाला लावण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

ह्यावर कोणी म्हणेल, विश्वासानें जाणाऱ्यास देव राखील. एक्याण्णवावें स्तोत्र तेंच सांगतें. खरें आहे. परंतु त्याच स्तोत्राचा आधार देऊन सैतानानें प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावयास सांगितलें, आणि प्रभूनें तें नाकारलें, हेंही त्याच बायबलांत आहे. मार्टिन लूथर ह्यांचा लेख ह्या बाबतींत आमच्या उपदेशकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. सन १५२७ मध्यें विटेनबर्ग शहरीं प्लेग आला, तेव्हां तेथील विद्यापीठ येना शहरीं हलविलें गेलें. लूथर मात्र राहिले, मागें उरलेल्या विद्यार्थ्यांस शिकवीत राहिले, आणि त्यांचें घरच रुग्णालय झालें. त्यांची पत्नी त्या वेळीं गरोदर होती. अशा मनुष्यानें ब्रेस्लाव येथील पाळक हेस ह्यांस जें लिहिलें, त्याचा आशय असा: ज्याच्याकडे पाळकपण, अधिकार किंवा रोग्याची शुश्रूषा सोंपविलेली आहे त्यानें आपलें स्थान सोडूं नये, ज्याच्यावांचून कोणाचें अडत नाहीं त्यानें दूर जाण्यांत पाप नाहीं, आणि जो औषध तुच्छ मानून, काळजी न घेतां, उगाच मिसळतो, तो देवाची परीक्षा पाहतो, व त्याच्यामुळें जे मरतील त्यांच्या मरणाचा दोष त्याच्यावर येतो. जो स्वतः पळाला नाहीं त्यानेंच हें लिहिलें, म्हणून तें भित्र्याचें समर्थन ठरत नाहीं.

परंतु येथें दुसऱ्या पक्षासही एक गोष्ट विचारली पाहिजे. त्या वर्षींच्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-नाशिक हमरस्त्यावरून, शहापूर व कसाऱ्याकडून, हजारों मजूर उन्हांत पायीं आपल्या मुलखास चालले होते. मागें वीटभट्ट्यांवर गेलेलीं आमचीं कातकरी व ठाकूर कुटुंबेंही परतत होतीं. पुष्कळ गांवांनीं वेशीवर कांटे व लांकडें टाकून वाटा अडविल्या. भातसेच्या धरणांतून मुंबईस रोज पाणी जातें, त्याला कोणीं बांध घातला नाहीं; मुंबईहून येणाऱ्या मनुष्यास मात्र घातला. दूर राहणें हें शेजाऱ्यावरील प्रीतीसाठीं होतें, कीं शेजाऱ्याच्या भीतीनें? बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात. आमची कसोटी एवढीच कीं ज्यानें प्रीतीनें अंतर राखलें, त्यानें त्या अंतरापलीकडे कांहींतरी पाठविलें: पाणी, भाकरी, पायांस चपला, निदान एक शब्द. ज्यानें कांहींच पाठविलें नाहीं, त्याच्या सावधगिरीला आम्ही दुसरें नांव देतों. सन १८९७ च्या प्लेगांत पुण्यास सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. प्रभूच्या दृष्टांतांतला तो शोमरोनीही यहूदी नव्हता, आणि वाटेच्या कडेनें निघून गेलेले दोघे मंदिराचे सेवक होते, ह्याचा आमच्या उपदेशकांनीं विसर पडूं देऊं नये.

परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्यांची गोष्ट ह्यांत विशेष विचार करण्याजोगी आहे. हॉल साहेबांच्या काळीं तिकडचे विद्यार्थी इकडे आले. आतां आमचीं मुलें तिकडे शिकावयास जातात, व परका तो आमचा मुलगा असतो. मार्च २०२० मध्यें अनेक देशांतील विद्यापीठें बंद झालीं, तिकडचीं मुलें आपापल्या घरीं गेलीं. आमच्या मुलांस घर दूर. त्यांत २२ मार्चपासून परदेशांतून येणारीं प्रवासी विमानें भारतानें थांबविलीं, आणि ‘वंदे भारत’ नांवाचीं खास विमानें ७ मेपासून सुरू झालीं. मधले सहा आठवडे ओसाड वसतिगृहाच्या खोलींत एकट्यानें काढावे लागले असे पुष्कळ होते. सन १८९५ मध्यें स्वीडन देशांत जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघ स्थापन झाला, तेव्हांपासून विद्यार्थ्यांमधील सेवा म्हटली कीं एकत्र जेवण, एकत्र शास्त्राभ्यास, एकत्र गायन, अशीच तिची रीत. आणि साथीनें नेमकें तेंच काढून घेतलें. मग उरलें काय? दाराबाहेर ठेवलेली शिधासामग्री, आणि फोनवरील आवाज.

फोनवरची प्रार्थना ही खरी प्रार्थना नव्हे, असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. पौलानें मंडळ्यांची सेवा पुष्कळशी पत्रांनींच केली, आणि तीं पत्रें आम्ही आजही वाचतों. तरी योहानानें आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटीं म्हटलें आहे कीं कागद व शाई ह्यांवर त्याचें समाधान नाहीं, त्यास समोरासमोर बोलावयाचें आहे. पत्र लिहिणाऱ्याला भेटीची तहान असली तरच तें पत्र मंडळीच्या उपयोगीं पडतें. साथ सरल्यावरही जो उपदेशक फोनवरच थांबला, त्याचा फोन पहिल्यापासूनच कशासाठीं होता हें लोकांस कळून चुकलें.

फिलिप्पैच्या मंडळीची रीत आम्हांस ह्या सर्वांत अधिक उपयोगी वाटते. पौल बंदींत होता. मंडळी सगळी धांवत गेली नाहीं, आणि सगळी घरींही बसली नाहीं. तिनें एपफ्रदीताला पाठविलें. तो तेथें मरणोन्मुख आजारी झाला. पौलानें त्यास वेडा म्हटलें नाहीं, उलट अशांस मान द्या म्हणून लिहिलें, आणि बरा होतांच त्यास घरीं परत पाठविलें, कारण तिकडचीं माणसें काळजींत होतीं. पाठविलेला एक, पाठविणारे सर्व. आमच्या प्रत्येक मंडळीनें पुढची साथ येण्यापूर्वींच अशीं दोन माणसें ठरवून ठेवावीं: तरणीं, सशक्त, ज्यांच्या घरीं म्हातारे आईबाप किंवा तान्हें मूल नाहीं अशीं. त्यांनीं नाकातोंडास कपडा बांधून, डॉक्टर सांगेल तें पाळून, आजाऱ्याच्या दाराशीं जावें, व त्या दिवसांत दुसऱ्या कोणाच्या घरांत पाऊल ठेवूं नये. आपली झोंपडीही वेगळी करावी. बाकीच्यांनीं त्यांच्या शेताचें काम अंगावर घ्यावें. मूठमूठ तांदुळाची जी वर्गणी दर रविवारीं जमते, तींतला वांटा त्यांच्या घरीं प्रथम पोंचावा; आणि त्यांपैकीं एखादा परत न आला, तर त्याच्या मुलांच्या शाळेचा खर्च कोण चालवील, हेंही मंडळीच्या वडिलांनीं त्यास पाठविण्याच्या आधींच वहींत लिहून ठेवावें.