रस्त्याच्या दोन बाजू

लंडनमधल्या एजवेअरच्या हाय स्ट्रीटवर रस्ता ओलांडला की नगरपालिका बदलते. पूर्वेचा पदपथ बार्नेटचा, पश्चिमेचा हॅरोचा. कर वेगळा, कचरागाडीचा दिवस वेगळा, नगरसेवक वेगळे. ही रेघ काही परवा नकाशावर ओढलेली नाही. रोमनांनी बांधलेला वॉटलिंग स्ट्रीट तो हाच, आणि त्याच्या पश्चिमेला पूर्वी लिटल स्टॅनमोर नावाचा वेगळा पॅरिश होता. आज मात्र दोन्हीकडचे लोक पत्ता विचारला की एजवेअरच सांगतात.

५ मे २०२२ च्या गुरुवारी या दोन्ही बाजूंनी मतदान केलं. बार्नेटमध्ये ६३ पैकी ४१ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. १९६५ साली ही बरो, म्हणजे नगरपालिका, अस्तित्वात आल्यापासून त्या पक्षाला तिथे स्वबळावर सत्ता मिळाली नव्हती. मार्गारेट थॅचर यांचा फिंचली मतदारसंघ याच बरोत होता, एवढं सांगितलं तरी पुरे. रस्त्यापलीकडे हॅरोत ५५ पैकी ३१ जागा घेऊन हुजूर पक्षाने मजूर पक्षाची सत्ता काढून घेतली. निवडणूक एकच, रस्ताही एकच, आणि निकाल नेमके उलटे.

राष्ट्रीय वर्तमानपत्रांनी बार्नेट उचललं. वॉन्ड्सवर्थ, वेस्टमिन्स्टर आणि बार्नेट असे हुजूर पक्षाचे तीन गड एका रात्रीत पडले, कारण टाळेबंदीत डाउनिंग स्ट्रीटवर रंगलेल्या पार्ट्यांचा लोकांना संताप आला होता, अशी ती कथा. सकाळी मजूर पक्षाचे नेते कीर स्टार्मर बार्नेटला येऊन उभे राहिले, छायाचित्रं निघाली. हॅरो मात्र अपवाद म्हणून बातमीच्या शेपटाला लागलं. पण तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यावरचा राग पूर्वेच्या पदपथावर उफाळतो आणि चार पावलांवर, पश्चिमेच्या पदपथावर, विझतो, हे कसं? या प्रश्नात कुणाला फारसा रस दिसला नाही.

ज्यांना दिसला त्यांच्याकडे दुसरं तयार उत्तर होतं, आणि ते आपल्या कानांना फारच ओळखीचं आहे: समाजाची गणितं. इंग्लंडमध्ये सर्वाधिक ज्यू लोकवस्ती असलेलं स्थानिक क्षेत्र म्हणजे बार्नेट. २०१८ मध्ये मजूर पक्षातल्या ज्यूविद्वेषाच्या वादाने तिथे त्या पक्षाला फटका बसला, जेरेमी कॉर्बिन पक्षनेतेपदावरून गेल्यावर ती मतं परतली. हॅरोत चौघांतला एक हिंदू. २०१९ च्या अधिवेशनात मजूर पक्षाने काश्मीरवर जो ठराव केला, त्याने तिथली गुजराती मंडळी दुखावली. अमुक समाज इकडे, तमुक तिकडे. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. कोल्हापूर-सोलापूरच्या चहाच्या टपरीवर असली आकडेमोड ऐकतच आपण मोठे झालो, आणि ती पुष्कळदा बरोबरही येते. पण तिची एक खोड आहे. ती मतदाराला जन्मखुणेवरून ओळखते आणि त्याच्या दारातल्या खड्ड्याबद्दल त्याला काहीच विचारत नाही. शिवाय बार्नेटच्या हद्दीतले एजवेअर आणि एजवेअरबरी हे दोन्ही वॉर्ड, जिथे ज्यू वस्ती दाट आहे, २०२२ मध्येही हुजूर पक्षाकडेच गेले.

मला वाटतं, खरं उत्तर इतकं साधं आहे की ते छापायला संपादकांना संकोच वाटावा. दोन्हीकडे जे खुर्चीत होते, ते गेले. बार्नेटमध्ये हुजूर पक्षाची जवळपास वीस वर्षं झाली होती. त्या काळात तिथे एक प्रयोग झाला, त्याला टोपणनाव पडलं ‘ईझीकाउन्सिल’, स्वस्त विमानसेवेवरून. २०१३ मध्ये नगरपालिकेच्या कामांचा मोठा हिस्सा कॅपिटा या खासगी कंपनीला दहा वर्षांच्या करारांनी दिला गेला. पुढे ग्रंथालयांतले कर्मचाऱ्यांचे तास मोठ्या प्रमाणात कापून दारावर यंत्रं बसवली गेली. (व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ ते १९४७ लंडनमध्येच सेंट पँक्रसचे नगरसेवक होते आणि तिथल्या ग्रंथालयांसाठी झटले, म्हणून हा तपशील आपल्याला जरा जास्त टोचावा.) हॅरोत २०१४ पासून मजूर पक्ष होता, आणि तिथल्या तक्रारींचा धनी तो ठरला. पूर्वेच्या माणसाने आणि पश्चिमेच्या माणसाने, पक्षाचं नाव बाजूला ठेवलं तर, एकच कृती केली.

मतदान तरी किती साधं! चर्चच्या सभागृहात जायचं, नाव-पत्ता सांगायचा, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. ओळखपत्राची सक्ती आली ती पुढच्या वर्षी. वॉर्डात दोन जागा असतील तर एकाच यादीत दोन फुल्या. आपल्याकडच्या चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार लढती होतात आणि मग खड्डा चौघांपैकी कुणाचा हे पाच वर्षं ठरत नाही. त्यापेक्षा हे बरं. अर्थात निम्म्याहून जास्त लोक ही फुली मारायलाही जात नाहीत.

नेमक्या त्याच वसंतात आपल्याकडे काय चाललं होतं? मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर या महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. औरंगाबाद आणि नवी मुंबईत तर ते २०२० पासूनच होते. आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले लांबले, सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी निवडणुका घ्या असं बजावावं लागलं, आणि मतदान उजाडलं ते १५ जानेवारी २०२६ ला. उलट राष्ट्रकुलातल्या, म्हणजे भारताच्याही, नागरिकाला ब्रिटनमध्ये वास्तव्याचा परवाना असला की मत देता येतं. म्हणजे कामाच्या व्हिसावर एजवेअरला आलेला पुणेकर, भारतीय पारपत्र खिशात ठेवून, परक्या देशातल्या नगरपालिकेला घरी पाठवू शकत होता. पुण्यात त्याच्या आईवडिलांना जवळपास चार वर्षं घरी पाठवायला कुणी निवडून आलेलंच नव्हतं. आयुक्त चांगला होता की वाईट, हा मुद्दा नाही. तो उत्तम असला तरी त्याला फुली मारता येत नाही.

एजवेअरच्या नगरसेवकाच्या हाती फार काही असतं अशातला भाग नाही. बस लंडनच्या महापौरांच्या अखत्यारीतली, पोलीस वेगळे, रुग्णालय वेगळं. २०१० नंतर केंद्राची अनुदानं आटली, आणि उरलेल्या पैशाचा मोठा वाटा वृद्धांच्या आणि अडचणीतल्या मुलांच्या देखभालीवर जातो. ते कायद्याने टाळताच येत नाही. बर्मिंगहॅमसारख्या महाकाय नगरपालिकेने सप्टेंबर २०२३ मध्ये पैशाअभावी हात वर केले ते पाहिल्यावर, सत्ताबदलाने रस्ते गुळगुळीत होतात असं कुणी म्हणू नये.

पण कुठल्या जागेवर काय उभं राहणार, हा प्रश्न अजून बराचसा नगरपालिकेच्या टेबलावर येतो. एजवेअर स्थानकाजवळच्या ब्रॉडवॉक शॉपिंग सेंटरच्या जागी तीन हजारांहून अधिक घरांचे उंच मनोरे बांधण्याचा प्रस्ताव आला, आणि ज्या गावात निवडणुकीच्या पत्रकांवर उमेदवार खड्ड्याकडे बोट दाखवून उभे असतात, तिथे लोक एकदम आकाशाबद्दल बोलू लागले. घरं हवीत, हे सगळ्यांना मान्य; इतकी उंच का, यावर भांडण. ही जागा बार्नेटच्या हद्दीत आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात मनोऱ्यांच्या सावल्या पश्चिमेला, हॅरोच्या दिशेने पडतील. तिथला रहिवासी हरकतीचं पत्र पाठवू शकतो, सभेला जाऊन मागे बसू शकतो. बार्नेटच्या नगरसेवकांना निवडणं वा पाडणं मात्र त्याच्या हातात नाही.