धायटी, मोह आणि शुद्धतेचा दाखला

उन्हाळ्याच्या तोंडावर कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर धायटी लाल फुलते. वैद्य तिला धातकी म्हणतात आणि आसव-अरिष्टं आंबवताना तिची फुलं घालतात. द्राक्षारिष्टात आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं मद्य असतंच, तरी ती बाटली सोवळ्याओवळ्याच्या घरातही बिनदिक्कत नांदते.

शेजारच्या मोहाचं नशीब निराळं. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांसाठी खास कायदा करून मोहाची फुलं बाळगण्या-विकण्यावर निर्बंध घातले. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गावठी भट्टी गुन्हा ठरवली. कातकरी-ठाकरांच्या देवांना आणि पितरांना मात्र त्याच मोहाची धार वाहिली जाते. आंबवण्याची रीत तीच. पण एकीकडे औषध, दुसरीकडे गुन्हा, तिसरीकडे नैवेद्य.

आता चौथं नाव आलं आहे: अन्न. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मद्यालाही मानकं लावली. द्राक्षाखेरीज इतर फळांची वाईन त्यात येते. पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाईन होतेच. रायगडच्या जांभळा-करवंदांची कोणी केली, तर तिलाही मिथेनॉल, शिसं, तांबं यांच्या मर्यादा पाळाव्या लागतील, लेबलवर इशारा छापावा लागेल. विषारी दारूचे बळी पाहिलेल्या राज्यात या तपासणीचं मोल कमी नाही.

पण प्रयोगशाळेतली शुद्धता आणि देवघरातली शुद्धता एकच का?

धर्मशास्त्रानेही वर्गवारी केली होती, आणि तीही कच्च्या मालावरून. मनुस्मृतीत सुरापान महापातक आहे. सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि मोहाची किंवा मधाची माध्वी. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेने पुढे भेद केला: पैष्टी तिन्ही वर्णांना वर्ज्य, बाकीच्या दोन ब्राह्मणाला. म्हणजे शास्त्राने ‘कशाची’ याच्या जोडीला ‘कोणासाठी’ हेही विचारलं. आजचं मानक दुसरा प्रश्न विचारत नाही. त्याच्यासमोर पिणाऱ्याची जात नाही, व्रत नाही. बाटलीत काय आणि किती, एवढंच आहे. जातीपुरतं पाहिलं तर हे मौन मोठीच सुधारणा.

व्रताच्या बाबतीत मात्र तेच मौन अडचणीचं ठरतं. वाईन नितळ करायला कधी अंड्याचा पांढरा बलक वापरतात, कधी जिलेटिन, कधी माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका सक्तीचा. मद्याला त्यातून सूट आहे. अंडं न खाणारं पण वाईन घेणारं गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात काही दुर्मीळ नाही. चतुर्थीला महडच्या वरदविनायकाचं दर्शन घेऊन, दुसऱ्या दिवशी फार्महाऊसवर पेला हाती धरताना त्याला शंका आलीच, तर परवाना क्रमांक, अल्कोहोलचं प्रमाण, वैधानिक इशारा हे सगळं लेबलवर सापडेल. बलकाचं उत्तर तिथे नसेल, तर वाईन करणाऱ्यालाच फोन करून विचारावं लागेल.