पिंजरा आणि रात्रीची लाईट

बिबट्याने माणूस मारला की जुन्नर-आंबेगावात दुसऱ्या दिवशी मागणी ठरलेली: पिंजरा लावा, धरा, लांब जंगलात नेऊन सोडा. त्यामागचं दुःख खरं आहे. पण हा उपाय इथे करून झाला आहे. २००१ पासून जुन्नर वनविभागात बिबटे धरून दुसरीकडे सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हल्ल्यांचा हिशेब मांडला: आधी वर्षाला सरासरी ४, त्यानंतर १७. प्रश्न हलवला होता, सोडवला नव्हता.

प्रश्नाचं मूळ शेतातच आहे. कुकडी सिंचन प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला, हे सर्वांना ठाऊक आहे. उसात आडोसा, वस्तीवर कुत्री-शेळ्या; बिबट्याची मादी फडातच विते. तोड चालू असताना बछडे सापडतात, तेव्हा वनविभागाची माणसं ते क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच शेतात ठेवतात. अंधार पडल्यावर आई येते आणि एकेक उचलून नेते. या जनावराचं घर कोणतं, हे तिथे दिसतं.

   

‘बिबट्या हा वनखात्याचा प्रश्न’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं इथे टिकत नाही. आणि नुसत्या प्राणिशास्त्राचंही टिकत नाही. रात्री एकट्याने शिवारात जाऊ नका, हा सल्ला शास्त्राला धरून आहे. पण पंपाची थ्री फेज लाईट रात्रपाळीला असेल तर दारं धरायला जाणार कोण आणि कधी? हल्ल्याचा धोका वीज फीडरच्या वेळापत्रकावरही ठरतो. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, ती दिवसा वीज मिळावी म्हणून. इथे तिच्याकडे जीव वाचवणारी योजना म्हणून पाहायला हवं. तोवर पिंजरा मागणाऱ्याला अडाणी ठरवणं अन्यायाचं आहे. मागण्यासारखं त्याच्या हाती तेवढंच आहे.

हा प्रश्न सोडवायला मग वनरक्षक, वायरमन आणि साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी एकत्र बसवावे लागतील. कुठल्या फडाला तोड कधी, हे कारखान्याला आधी माहीत असतं. ती यादी वनविभागाकडे वेळेत पोचली, तर ऊसतोड टोळीच्या कोप्या फडापासून लांब पडतील आणि पाचटावर निजवलेली तान्ही पोरंही.