मैफलीची नोंद

ग्रंथाची नोंद करणाऱ्याला ग्रंथ स्वतःच मदत करतो. लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष शीर्षकपानावर छापलेले असते आणि ते रीतसर उतरवून घेतले की तालिकेचे, म्हणजे संग्रहातील हवी ती वस्तू शोधून देणाऱ्या सूचीचे, निम्मे काम होते. ध्वनिमुद्रणाला असे पान नसते. विकत घेतलेल्या ध्वनिमुद्रिकेवर निदान कंपनीने छापलेली माहिती असते, पण खासगी मैफलीच्या कॅसेटवर पुष्कळदा बॉलपेनने लिहिलेली रागाची एक-दोन नावे तेवढी सापडतात, आणि सभागृह कोणते, साथीला कोण, गाणे सकाळचे की रात्रीचे, हे सारे संग्राहकाच्या स्मरणात राहते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात हा विरोध अधिक डोळ्यांत भरतो, कारण येथे वाचनाची आणि गाणे ऐकण्याची अशा दोन्ही परंपरा जुन्या आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले, तर कल्याण गायन समाज १९२६ मधला. पुस्तकांच्या तालिकांची शिस्त ग्रंथालयांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची नोंद मात्र बव्हंशी घराघरांतील कपाटांवर आणि रसिकांच्या आठवणींवर सोडून दिली गेली.

कपाटातील कॅसेटी संगणकात उतरवणे हा या कामाचा सोपा भाग होय. सीडीच्या दर्जाने, म्हणजे ध्वनिलहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून, साठवलेले एक तासाचे गाणे सुमारे ६३५ एमबी जागा घेते, आणि फ्लॅक या पद्धतीने, जिच्यात आवाजातला एकही अंश गाळला जात नाही, ती साधारण निम्म्यावर येते. त्यामुळे हजार तासांचा संग्रह खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये सहज बसतो. अडचण सुरू होते ती फाइलला नाव देताना. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते आणि विलंबित ख्याल काही कॅसेटच्या सोयीने चालत नाही. अतिविलंबित लयीत एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन पूर्ण व्हायला जवळजवळ मिनिट लागते, आणि मैफलीत बसल्या जागी कॅसेट काढून, उलटून, पुन्हा लाल बटण दाबेपर्यंत पाव-अर्धे मिनिट जातेच. म्हणजे मुखडा एका बाजूला राहतो आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कायमची हरवते. संगणकप्रणालीच्या लेखी ही दोन स्वतंत्र ‘गाणी’ होतात, आणि क्रम न पाळता वाजवण्याची सोय चालू असेल, तर पूर्वार्धानंतर भलत्याच गायकाचा तराणा सुरू होतो.

याचे मूळ यंत्रात नसून रकान्यांच्या कल्पनेत आहे. एमपी३ फाइलमध्येच माहिती ठेवण्याची आयडी३ ही पद्धत १९९६ मध्ये आली, तेव्हा तिच्यात गाण्याचे नाव, कलाकार आणि अल्बम यांसाठी प्रत्येकी ३० बाइट इतकी जागा होती. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या लिपिसंकेतात देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. त्या मापाने ‘मल्लिकार्जुन’ या एकट्या नावाला ३६ बाइट लागतात, मन्सूर हे आडनाव तर पुढेच राहिले. संगीतप्रकारासाठी ८० नावांची ठरीव यादी होती, आणि तिच्यात ‘क्लासिकल’ या एका क्रमांकाखाली बीथोव्हनची सिंफनी आणि किराणा घराण्याचा ख्याल एकत्र बसवावे लागत. पुढच्या पद्धतींनी ही बंधने काढून टाकली आणि हवे ते रकाने वाढवण्याची मुभा दिली. तरीही कलाकार, अल्बम, गाणे ही तीन मजल्यांची रचना बहुतेक प्रणालींच्या पायात घट्ट राहिली आहे.

ग्रंथालयशास्त्राने याहून खोल विचार केला आहे. ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये मांडलेल्या चौकटीत चार पायऱ्या आहेत: कृती, तिचा आविष्कार, त्या आविष्काराचे प्रकाशन आणि हातात येणारी प्रत. बीथोव्हनची पाचवी सिंफनी ही कृती, एखाद्या वाद्यवृंदाने केलेले तिचे वादन हा आविष्कार, अशी मांडणी पाश्चात्त्य संगीताला नेमकी लागू पडते. ख्यालात मात्र कृती कशाला म्हणायचे? राग ही कृती नव्हे, ती गाण्याची भूमी आहे. बंदीश म्हणावी तर ती दोन-चार ओळींची, आणि चाळीस मिनिटांच्या गाण्यातले जे खरे ऐकण्यासारखे, ती उपज, म्हणजे त्या क्षणी सुचलेली बढत, बंदिशीत लिहिलेली नसतेच. सदारंग, प्रेमपिया म्हणजे फैयाज खाँ, गुणीदास म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, या मुद्रा, म्हणजे बंदिशीत गुंफलेली टोपणनावे, रचनाकार सांगतात आणि त्यांना रकाना हवाच. पण त्या रकान्यावर संग्रह उभा करता येत नाही. ख्यालाच्या संग्रहाचे एकक मैफल हेच असले पाहिजे: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक साथीदारांसह घडलेली आणि पुन्हा न घडणारी एक बैठक. गायक, राग, ताल, बंदीश, तबला, संवादिनी या सर्व नोंदी त्या बैठकीला जोडल्या, तर कॅसेटच्या दोन्ही बाजूही आपोआप एकत्र राहतात.

नाट्यसंगीतात मात्र उलट स्थिती आहे, कारण तेथे नाटक, पदकर्ता आणि चाल देणारा यांना वगळून नोंदच होत नाही. १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’चे संगीत भास्करबुवा बखले यांचे, त्यांच्याच ‘देवगंधर्व’ या उपाधीने कल्याण गायन समाजाचा महोत्सव ओळखला जातो. याच भास्करबुवांपाशी घराण्याचा एकेरी रकानाही मोडतो, कारण फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडून त्यांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन गायकी घेतल्या. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांच्याकडे शिकलेल्या आणि ठाण्यात राहिलेल्या राम मराठे यांनी (१९२४–१९८९) विलायत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवांचीही तालीम घेतली, आणि १९६३ च्या ‘मंदारमाला’मुळे ते रंगभूमीचेही झाले. एकाच गायकाचा ख्याल मैफलीखाली आणि पद नाटकाखाली नोंदवता येईल अशी दुहेरी मांडणी जी प्रणाली करू देत नाही, ती मराठी संग्रहाच्या उपयोगाची नाही.

रागाच्या रकान्याशी तर अधिकच जपून वागावे लागते. बागेश्री आणि बागेश्वरी, भूप आणि भूपाली, शिवाय रोमन लिपीतली निरनिराळी वर्णलेखने, यांसाठी ग्रंथपाल जी अधिकृत नामसूची करतात, म्हणजे एक नाव मुख्य ठरवून बाकीची त्याला जोडतात, ती येथेही पुरते. पण मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच, आणि भेद आहे तो कोणत्या स्वरावर थांबायचे आणि कोणत्या सप्तकात रमायचे याचा. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातील कॉम्पम्युझिक या प्रकल्पाने संगणकाला राग ओळखायला शिकवण्याचे मोलाचे काम केले आहे. तरी त्या अभ्यासालाही आधी जाणत्या माणसाने लावलेली नावे लागतातच. मूळ पट्टीचा रकानाही असाच मोलाचा आहे. टेप सहा टक्के जलद चालली की आवाज अर्ध्या स्वराने चढतो, काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, आणि पट्टी नोंदलेली नसेल, तर त्या चढलेल्या, किंचित पातळ झालेल्या आवाजालाच पुढची पिढी त्या गायकाचा आवाज समजते.

खाडीकाठच्या दमट हवेत फितींवर बुरशी चढते, २६ जुलै २००५ च्या पुराने तळमजल्यावरच्या घरांतले सामान भिजवले, आणि आता जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात घर हलवताना कॅसेटींची खोकी सर्वांत आधी अडगळ ठरतात. म्हणून प्रती तीन असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी, हा संग्रहशास्त्राचा नियम येथे अक्षरशः पाळायला हवा. त्याहून निकडीची गोष्ट अशी की ज्यांनी त्या मैफली समोर बसून ऐकल्या, त्यांना या फाइली ऐकवाव्यात; ठेक्याच्या वजनावरून आणि बायाँच्या घुमाऱ्यावरून तबला कोणाचा हे सांगणारे कान अजून या शहरांत आहेत, आणि ‘तबला : अज्ञात’ ही नोंद त्यांच्या हयातीतच बदलू शकते.

फाइलीसोबत कॅसेटच्या पुठ्ठ्याचे छायाचित्रही जोडलेले असावे. पुठ्ठ्यावर निळ्या शाईत ‘मारवा’ लिहून, नंतर ते खोडून, काळ्या शाईत ‘पूरिया’ आणि पुढे प्रश्नचिन्ह असे लिहिलेले असते, तेव्हा एका श्रोत्याने ती मैफल पुन्हा ऐकली, त्याला शंका आली आणि ती त्याने मोडून टाकली नाही, एवढा इतिहास त्या बोटभर जागेत असतो. संगणकाच्या रकान्यात ‘पूरिया’ जाईल. प्रश्नचिन्हालाही तेथे जागा करून द्यावी लागेल.