माकडाचे काळीज

माकड आणि मगर ही पंचतंत्रातली गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. मगराच्या बायकोला माकडाचे काळीज हवे असते. काळीज झाडावरच राहिले, असे सांगून माकड सुटका करून घेते, आणि मुले टाळ्या पिटतात. यंदा एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, ती खरंच आजारी असती तर?’’ घंटा झाली, म्हणून मी सुटलो.

मला मात्र एक खरेखुरे माकड आठवले. कॅलिफोर्नियात कोणाच्या तरी घरी पाळलेले, लोकरीसारख्या केसांचे. त्याच्या अंगात गाठ झाली. स्नायू, चरबी, तंतू अशा शरीराच्या मऊ भागांत उद्भवणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात, त्यातलीच ती. त्या गाठीत एक विषाणू सापडल्याचे १९७१ साली प्रसिद्ध झाले. पुढे कळले ते असे, की या विषाणूने माकडाच्याच पेशीतले एक जनुक उचलून नेले होते. १९८३ साली त्या जनुकाची लिपी ताडून पाहिली, तेव्हा ती जुळली कशाशी? जखम झाली म्हणजे आपल्या रक्तातल्या प्लेटलेट्स वाढीचे जे द्रव्य सोडतात, त्याच्याशी! जखम भरून काढणारा निरोप थांबेनासा झाला, की त्याचीच गाठ होते.

माणसाच्या त्वचेत हळूहळू वाढणारी एक दुर्मिळ गाठ आहे. तिच्यात हेच जनुक भलत्या जागी जोडले जाते, हे १९९७ साली उमगले. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या अशा गाठींसाठी इमॅटिनिब या औषधाला २००६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध मुळात रक्ताच्या कर्करोगासाठी वापरात आले होते, तेव्हा सारे श्रेय माकडाला देणे खोटे ठरेल; पण ते इथे का लागू पडते हे समजण्याच्या वाटेवर ते माकड बसलेले आहे.

इथवर मला कसलाच सल नाही. त्या माकडाला मुद्दाम कोणी रोग दिला नव्हता. परंतु तो विषाणू नंतर मार्मोसेट या चिमुकल्या माकडांना टोचण्यात आला, आणि त्यांनाही गाठी झाल्या. येथे माझे पाऊल अडखळते. माकडच का, असे विचारावे तर उत्तर येते, ते आपल्यासारखे आहे म्हणून. मग त्याला रोग देण्याचा अधिकार कोठून आला, असे विचारावे तर उत्तर येते, ते आपल्यासारखे नाही म्हणून. दोन्ही उत्तरे एकाच तोंडची! अशी उत्तरे देणाऱ्या मुलाला आम्ही बाकावर उभे करतो.

भारताने १९७८ साली ऱ्हीसस माकडांची निर्यात बंद केली, ती मला योग्यच वाटते. पण पोलिओची आरंभीची लस वाढली ती माकडांच्या मूत्रपिंडांच्या पेशींत, आणि त्यासाठी आपल्याकडून हजारो माकडे परदेशी गेली होती. त्याच लशीच्या वंशातले थेंब माझ्या मुलीला पाजले, तेव्हा मला माकड आठवले नव्हते.

उद्या तिला काही झाले, तर मीही मगर होईन, हे कबूल करतो. मात्र माकडाला दुखत नाही असे मी म्हणणार नाही, आणि पेशींवर भागत असेल तिथे माकड मागणार नाही. एवढे उत्तर चौथीतल्या मुलाला कसे सांगायचे, हे अजून ठरलेले नाही. सुट्टी संपली की तो पुन्हा विचारील.