शंभर मिलिमीटरची रेघ

वहिनी संधिवाताच्या डॉक्टर. भाऊजी संख्याशास्त्र शिकवतात आणि स्वतः रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे रुग्ण आहेत. दोघं एकमेकांना हाक मारतात तीच नावं इथे ठेवली आहेत. वादाचं कारण होतं एक रेघ. ‘आज एकूण कसं वाटतंय’ हे रुग्णानं तिच्यावर खूण करून सांगायचं असतं. लांबी शंभर मिलिमीटर.

वहिनी : एक बाई आहे, पन्नाशीची. बोटांची सूज जवळजवळ उतरलीय, तरी खूण सत्तरावर. तेवढ्याच वयाचा, तेवढीच सूज असलेला पुरुष तिसावर खूण करतो. आजार किती जोरात आहे ते सांगणारा त्याचा आकडा २.६ च्या खाली येतो, म्हणजे आजार शांत झाला. तिचा येत नाही. रिवाजाप्रमाणे तिचं औषध वाढवायला हवं. वाढवू?

भाऊजी : त्या आकड्यात काय काय मिसळलंय ते आधी बघू. २८ सांध्यांपैकी दुखरे किती, सुजलेले किती, ईएसआर ही दाहाची रक्ततपासणी, आणि ही रेघ. ईएसआर बायकांचा मुळातच थोडा जास्त. ढोबळ हिशेबानं पन्नाशीच्या पुरुषाला २५ पर्यंत चालतो, बाईला ३० पर्यंत. पण सूत्रात घातला तर त्यानं फरक पडतो जेमतेम ०.१३ चा. रेघेवरच्या चाळीस मिलिमीटरनं पडतो ०.५६ चा.

वहिनी : म्हणून रेघ सोडून द्यायची? बायकांचं दुखणं ‘मनाचं आहे’ म्हणून परत पाठवण्यात आम्ही डॉक्टर पटाईत आहोत. हा आजार बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट होतो. तरी लोकांना ठाऊक असलेले रुग्ण कोण? चित्रकार रेन्वार, आणि पहिलं हृदयरोपण करणारे बर्नार्ड. रेन्वारची चिकाटी मोठीच. पण बोटं वाकल्यावर त्याच्या हातात ब्रश ठेवणारं माणूस घरात होतं.

भाऊजी : रेघ खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती आजार मोजत असेल तर औषध द्या. घर मोजत असेल, तर मेथोट्रेक्झेट वाढवून मळमळ वाढेल, यकृतावर डोळा ठेवावा लागेल, आणि सकाळी सगळ्यांची कणीक तिलाच मळायची ती मळायचीच.

वहिनी : पण ते वेगळं काढता येतं का? आजारी मनगटानं कपडे पिळले की मनगट दुखतं. ते दुखणं आजाराचं की कपड्यांचं? पुरुषाच्या हातातली निम्मी ताकद गेली तरी कुकरचं झाकण लावण्यापुरती उरते. बाईची निम्मी गेली तर तेवढीही उरत नाही.

(मला वाटतं, वहिनींनी इथे आणखी ठाम राहायला हवं होतं. पावलांचे सांधे त्या २८ मध्ये धरलेलेच नाहीत. हात बरे दिसले तरी दिवसभर ओट्याशी उभ्या असलेल्या बाईचे पाय काय म्हणतात, ते रेघेशिवाय कुठेच उमटत नाही.)

भाऊजी : मग पुरुषाचा तीस तरी कशाला खरा मानायचा?

वहिनी : नाहीच मानत मी. प्रश्नावलीत विचारतात, बरणी उघडता येते का, मदत लागते का? पुरुष म्हणतात, नाही लागत. आजाराआधीही बरणी त्यांनी उघडलेली नसते, त्यामुळे ती उघडून मिळणं त्यांना मदत वाटतच नाही. आणि तिसावर खूण करणारा धाप लागते हेही सांगत नाही. या आजारात फुफ्फुसं खराब होण्याचा धोका पुरुषांना अधिक, विडी-सिगारेट असेल तर आणखीच. गप्प बसण्याची किंमत त्यांनाही मोजावी लागते.

भाऊजी : म्हणजे दोघांना एकच माप लावणं अन्याय, आणि वेगळं लावावं तर बाईचं दुखणं सूट देऊन कमी केल्यासारखं होतं.

वहिनी : शरीरही एकसारखं वागत नाही. मूल हवं असेल तर मेथोट्रेक्झेट आधी बंद करावं लागतं ते बाईला. पुरुषाला आता ते चालू ठेवता येतं. गरोदरपणात बऱ्याच जणींचे सांधे निवळतात. डॉ. फिलिप हेंच यांना या निरीक्षणातूनही कॉर्टिझोन या औषधाची दिशा सापडली आणि १९५० च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले. पण बाळंतपणानंतर आजार उसळतो, नेमका बाळाला उचलून घ्यायच्या दिवसांत.

भाऊजी : या बाईंच्या नवऱ्याशी बोलून बघा ना.

वहिनी : म्हटलं होतं तसं. ती म्हणाली, ‘नको मॅडम. तुम्ही बोलाल, घरी गेल्यावर ऐकून मला घ्यावं लागेल. त्यापेक्षा गोळी वाढवा.’

भाऊजी : सोनोग्राफी करा. सांध्यात आत दाह दिसला तर बिनदिक्कत वाढवा.

वहिनी : नाही दिसला तर?

भाऊजी : तर वाढवू नका. तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याला बोलावूही नका. मनगटाचा पट्टा, हातांचे व्यायाम, कमी ताण देऊन काम करायच्या पद्धती, हे सगळं शिकवायला माणूस द्या. आणि घरी कणीक कोण मळतं, हे पुरुष रुग्णांनाही विचारायला लागा.

वहिनी : विचारीन. पण त्यानं हिचं काम हलकं होत नाही. गोळी वाढवत नाही हे मला तिला सांगायचंय, आणि तिचं दुखणं मला खोटं वाटतं असं तिला वाटू द्यायचं नाहीये.

भाऊजी : मग तिचं दुखणं खोटं वाटत नाही हे सोनोग्राफीच्या आधीच सांगा. रिपोर्ट हातात घेऊन सांगितलंत, तर तिला तो तिच्याविरुद्धचा पुरावा वाटेल.